बुलबुलांची सही

जनावरांच्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर मी बसते, आणि मला जनावरांचं काडीचंही कौतुक नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. माझ्या खिडकीशी माणसं येतात, कडेवर कुत्रं असतं, डोळ्यांत पाणी असतं आणि म्हणतात, "आमच्या बाळाला सकाळपासून जुलाब होतायत." मी बाळाचं वय, वजन आणि जात विचारते, कागद फाडून देते आणि पुढच्याला हाक मारते. नोकरी आहे, करते. पण दवाखान्याच्या मागच्या बाजूला, एक्स-रेच्या खोलीला लागून, पक्ष्यांचा विभाग आहे आणि तिथे मामा असतात. मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दल.

मामा तिथले कंपाउंडर. दवाखान्यातल्या झाडूवाल्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांचे मामा. सख्खा भाचा मात्र एकही नाही, कारण भाऊ-बहीणच नाही. लग्न केलं नाही. आई होती, ती बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेली, आणि तिचं करता करता मामांचं वय निघून गेलं. सकाळी तिचं सगळं आवरायचं, शेजारणीकडे किल्ली द्यायची, कामावर यायचं आणि संध्याकाळी सुटी झाली की पळत सुटायचं. त्या पळण्याची आम्ही थट्टा करायचो. "मामा, घरी नवी नवरी वाट बघतेय का?" ते हसायचे आणि हसता हसता फाटकाबाहेर गेलेले असायचे.

मग आई गेली आणि पळणं थांबलं. संध्याकाळी सगळे निघाले तरी मामा टेबल पुसत बसायचे. पुसलेलं टेबल पुन्हा पुसायचे. कात्र्या, चिमटे, बाटल्या ओळीने लावायच्या आणि ती ओळ मोडून परत लावायची. वॉचमन मुद्दाम किल्ल्या वाजवायला लागला की उठायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, "मामा, जा की घरी आता." तर म्हणाले, "घर खायला उठतं, ताई." माझ्या घरी दोन खोल्यांत सासू, सासरे, दीर, जाऊ, आमची दोघांची पोरं आणि शिवाय दिराचे टेबलटेनिसचे मित्र. आमच्या घराला खायला उठायचं म्हटलं तर उठायला जागा नाही. 

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र मामा भारी कडक होते. त्यांच्याकडे येत ते बहुतेक शिकारी पक्षी. काचेवर आपटलेले, तारेत अडकलेले, कुणी दगड मारून पाडलेले. घारी, घुबडं, शिक्रे. नियम असा की पाखराशी बोलायचं नाही. नाव ठेवायचं नाही. खाणं द्यायचं ते पडद्याआडून, लांब चिमट्याने, म्हणजे खाणं आणि माणूस ही सांगड त्याच्या डोक्यात बसता कामा नये. मी एकदा एका घुबडाला नुसतं "काय रे, टकमक बघतोस" म्हटलं, तर मामांनी मला हाताला धरून बाहेर काढलं. "त्याला तुमची ओळख नको, ताई. माणसाला घाबरलं तरच ते जगेल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पक्षी बरा झाला की सोडायचा. केव्हा सोडायचा ते डॉक्टरीणबाई एक्स-रे बघून आणि पंख उघडून ठरवत. पण त्याशिवाय मामांची आणखी एक चाचणी होती, आणि बाईंनाही ती पसंत होती. दवाखान्याच्या गच्चीला शेजारच्या शाळेच्या आवारातली झाडं टेकलेली आहेत. मामा पाखराच्या पायाला चामड्याची वादी बांधायचे, गच्चीवरच्या लाकडी दांडीवर त्याला बसवायचे आणि टाकीच्या आडोशाला उभे राहायचे. पक्षी आजारी असेल तर अंग फुगवून, मान खाली घालून बसतो. मग झाडातली लहान पाखरं त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, खुशाल किडे टिपत राहतात. पण एक दिवस तो ताठ बसतो, डोळा फिरवतो, आणि लगेच कुठला तरी बुलबुल बोंब ठोकतो. मागोमाग साळुंक्या, चिमण्या, शिंपी, कोतवाल, एखादी खारही सामील होते. सगळी मिळून गच्ची डोक्यावर घेतात, त्याच्या टाळूवरून झपाझप जातात, शेपटीला चोच मारून पळतात. मग मामा खाली येऊन सांगायचे, "मॅडम, सही झाली." बुलबुलांची सही. ती झाली की पाखरू सुटलंच म्हणायचं.

मी डबा घेऊन गच्चीवर जायची. सगळ्या दिवसात तेवढाच वेळ मला एकटीला मिळायचा. तिथे हा तमाशा पाहून मी एकदा मामांना विचारलं, "एवढंसं पाखरू, मूठभर जीव, त्याला भीती नाही वाटत? आपणहून वाघाच्या तोंडात हात घालायचा म्हणजे काय!"

"भीती वाटते म्हणूनच तर," मामा म्हणाले. "शिक्रा काय समोरून येत नाही. तो पानाआड बसतो, चाहूल लागू देत नाही आणि झडप घालतो. त्याचं सगळं बळ लपण्यात. सगळ्यांनी मिळून बोंब मारली की लपणं संपलं. मग तिथे बसून उपयोग काय? उठतो आणि जातो."

"आणि उलटून एखाद्याला धरलं तर?"

"धरतो कधी कधी. पण एकाच्या मागे लागला तर चार पाठीवर येतात. आणि तो वळेपर्यंत हे चिटपाखरू दोनदा वळून गेलेलं असतं. उगाच दमणं त्याला परवडत नाही." आणि पुढे म्हणाले, "शिवाय पिल्लं बघत असतात. त्यांना दाखवायचं असतं, हा बघा, हा आपला वैरी. नाहीतर त्यांना कोण सांगणार?"

डॉक्टरीणबाईही तेव्हा वर आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की हे सगळं खरं, पण लहान पाखरं तेवढीच हिशेबी असतात. पेंढा भरलेलं घुबड झाडात ठेवलं तर सुरुवातीला धिंगाणा घालतात, पण ते रोज तिथेच, तसंच दिसलं की गप्प होतात. मामांनी मान हलवली. त्या वेळी ते बोलणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

आई गेल्यानंतरच्या थंडीत ती शिक्रा आली. मादी होती. एका ऑफिसच्या काचेवर आपटून तिच्या पंखाचं हाड मोडलं होतं. शिपायाने पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणली. राखाडी पाठ, छातीवर तपकिरी पट्टे, आणि डोळे असे की मी केसपेपरवर 'वय' लिहायला विसरले. बाईंनी हाडात सळई घातली, पंख बांधला आणि म्हणाल्या, रात्रीही दर थोड्या वेळाने बघावं लागेल. मामा म्हणाले, "मी घरी नेतो. मला काय, जागंच असतो."

तिथे सुरुवात झाली. रोज संध्याकाळी मामा खोकं घेऊन निघायचे, सकाळी खोकं घेऊन यायचे. काही आठवड्यांनी पंख जुळला, रात्री बघायची गरज संपली, तरी खोकं जातच राहिलं. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मामा पुन्हा पळायला लागलेत. सुटी झाली की फाटकाबाहेर. वॉचमनने किल्ल्या वाजवणं सोडून दिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या माणसाला कुठेतरी जायची घाई आहे हे बघूनच बरं वाटलं.

मग एका दुपारी पक्ष्यांच्या खोलीच्या दारातून मला आवाज ऐकू आला. "अगं, खा ना. सकाळपासून काही खाल्लं नाहीस. अगं, इकडे बघ." आत दुसरं कुणी नव्हतं. मामांनी तिचं नाव ठेवलं नव्हतं, तेवढा नियम पाळला होता. पण आई सोडली तर जन्मात ज्याला घरात कुणाला "अगं" म्हणायची वेळ आली नाही, त्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकून मी दारातच थबकले. चिमटा टेबलावरच पडला होता. ती त्यांच्या बोटांतून खात होती.

आठवड्याभरातच मी डबा घेऊन गच्चीवर गेले तर बुलबुलांनी हैदोस घातला होता. दांडीवर ती ताठ बसलेली, आणि तिच्याभोवती अख्खी शाळा सुटल्यासारखी पाखरं. एक कोतवाल तर तिच्या डोक्याला टोचून टोचून जात होता. सही काय, शिक्कामोर्तब झालं होतं. आणि मामा खांद्यावरचा पंचा फिरवत त्या पाखरांना हाकलत होते. "हाड! हाड! काय बिघडवलंय तिने तुमचं?" पाखरं उडाली की ती मामांकडे सरकायची, त्यांच्या बाहीला अंग घासायची. माझ्याकडे लक्ष गेलं तसे मामा गोरेमोरे झाले.

खाली आल्यावर बाईंनी विचारलं, "काय मामा, सही?"

"अजून नाही, मॅडम. ढुंकून बघत नाहीत."

बाई गेल्यावर मी त्यांना धरलं. "मामा, मी आंधळी नाही. आत्ता वर काय चाललं होतं?"

"थोडे दिवस, ताई. पंखात अजून जोर नाही."

"पंखात नाही की तुमच्यात?"

मामा चिमटे ओळीने लावत बसले.

मीही मग तोंडाला कुलूप लावलं नाही. बाईंना काही सांगितलं नाही, पण मामांना रोज जाता-येता टोमणे मारले. सांगायचं तेवढं सांगितलं, पण मामांनी कानात बोळे घातले होते. ती थंडी गेली, झाडांना नवी पानं आली. मामा तिला रोज गच्चीवर न्यायचे, उन्हात बसवायचे, शेजारी बसून तिच्याशी बोलायचे, आणि पाखरं आली की पंचा फिरवायचे. आणि मग पाखरं येईनाशी झाली. मी स्वतः पाहिलं. ती ताठ बसलेली, डोळे लखलखीत, पिसं तुकतुकीत, आणि तिच्यापासून हाताच्या अंतरावर एक बुलबुल कठड्यावर बसून निवांत चोच साफ करत होता. त्या बुलबुलाने तिला कोंबडीत काढली होती.

मामांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या दिवशी ते आपणहून बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. सही कधीची झाली होती ते, पंचा, हाताने भरवणं, सगळं.

डॉक्टरीणबाई आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हेत. त्या दिवशीही चढवला नाही. पक्ष्यांच्या खोलीत आल्या, तिच्या पिंजऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना बघताच शिक्रा पंख थरथरवत पिल्लासारखी ओरडायला लागली. खायला मागत होती, जिने तिला कधी भरवलं नाही अशा बाईकडे. बाई म्हणाल्या, "मामा, रोज एकच पक्षी, एकाच जागी, कुणाला धरत नाही, वर तुम्ही राखणीला. त्या बुलबुलांनी तिला भ्यायचं कशाला? त्यांचं एक वेळ सोडा. हिचं बघा. रानात सोडली तर समोर दिसेल त्या पहिल्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसेल. तो काय करेल?"

"दगड घालेल," मामा म्हणाले.

असे पक्षी प्राणिसंग्रहालयात जातात. जाळीचा पिंजरा, सिमेंटचं झाड आणि मरेपर्यंत तेच. बाईंनी तिथे फोन लावायला हात पुढे केला तेव्हा मामांनी हात जोडले. एक संधी मागितली. बाईंनी हात मागे घेतला. "महिनाभर मोठ्या खोलीत ठेवू. जिवंत उंदीर स्वतः धरता आला पाहिजे. मग एकदा बाहेर नेऊन सोडू. पण मामा, माणसाकडे परत आली, तर तिथूनच थेट पिंजऱ्यात. मग मला काही म्हणू नका."

तो महिना मामांनी कसा काढला ते मी पाहिलंय. खोकं घरी जाणं बंद झालं. मोठ्या खोलीच्या दाराला त्यांनी आतून गोणपाट लावलं. उंदीर खालच्या फटीतून आत सोडायचे आणि भिंतीला कान लावून उभे राहायचे. ती त्यांच्या पावलांचा आवाज ओळखायची, ओरडायची. मामा ओठ दाबून उभे असायचे, एक अक्षर नाही. पहिल्यांदा आत झटापट झाली आणि उंदराचं चिरकणं मध्येच थांबलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. संध्याकाळी पुन्हा टेबल पुसणं, पुन्हा किल्ल्यांचा आवाज. डबा आणायचे तो तसाच परत न्यायचे. मी म्हटलं, आमच्या घरी चला जेवायला, गोंगाट आहे पण माणसं बरी आहेत. म्हणाले, "येईन कधीतरी." आले नाहीत.

सोडायच्या दिवशी वॉचमनऐवजी मी गेले. साक्षीला कुणीतरी लागतंच. गाव संपल्यावर एक तलाव आहे, त्याच्या पलीकडे सोडून दिलेली फळबाग. व्हॅन बांधावर थांबली. मामांनी खोकं उघडलं, बाईंनी तिच्या पायातली वादी कापली आणि मामा चेहरा फिरवून उभे राहिले.

ती उडाली. चांगली उडाली, पंखात खोट नव्हती. समोरच्या झाडावर बसली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत उभे. मग तिने मान वळवली, आमच्याकडे पाहिलं, आणि सरळ येऊन व्हॅनच्या टपावर बसली. पंख थरथरवून ओरडायला लागली.

बाई खोकं उचलायला वाकल्या.

"थांबा, मॅडम," मामा म्हणाले. "ही माणसाकडे नाही, गाडीकडे आली." वकिलाला लाजवेल असा मुद्दा होता. बाईंना हसू आलं नाही, पण त्या थांबल्या. मामांनी टपावर थाप मारली तशी ती दचकून उठली आणि दूरच्या झाडात शिरली.

त्या झाडात कोतवालांचं घरटं होतं. आम्हाला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. ती टेकते न टेकते तोच दोन काळे कोतवाल बाणासारखे सुटले. एकाने पाठीवर, एकाने टाळूवर. त्यांचा कर्कश आवाज ऐकून बागेतून साळुंक्या उठल्या, बुलबुल उठले, नाव माहीत नसलेली बारकी पाखरं उठली. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं. इथे ती कोंबडी नव्हती, शिक्रा होती, आणि सगळी बाग तिच्यावर तुटून पडली. मला तर आनंदाने ओरडावंसं वाटलं. केवढी मोठी सही!

पण तिला काय ठाऊक? पाखरं अंगावर आली की काय करायचं हे तिला एकच माहीत होतं. ती झाडातून निघाली आणि जीव खाऊन मामांकडे यायला लागली. जमिनीलगत, सरळ, मागे सगळा घोळका घेऊन. पंचा फिरवणारा माणूस तिथे उभा होता. जगात तिचं एवढंच माणूस होतं. मामांचा हात नकळत वर आला, बाही पुढे झाली. मी पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

आणि मग मामा ओरडले. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "हाड! हाड, चालती हो!" ते तिच्याच अंगावर धावून गेले. दोन्ही हात हवेत, तोंडाने शिव्या. ती गोंधळली, बाजूला झाली, पुन्हा वळून आली. मामांनी बांधावरचं ढेकूळ उचललं आणि फेकलं. दुसरं फेकलं. "माझ्याकडे येतेस? माझ्याकडे? मारून टाकीन! अगं, जा ना! जा!" वरून कोतवाल, खालून मामा. तिसरं ढेकूळ तिच्या पंखाला घासून गेलं, मातीचा धुरळा उडाला, आणि बाईंनी तोंडावर हात नेला. ती किंचाळली. ते पिल्लाचं मागणं नव्हतं, निराळंच काही होतं. उंच चढली, पंख मारत, तरंगत, पुन्हा पंख मारत तलावावरून पलीकडच्या टेकडीकडे गेली. कोतवाल तिच्या शेपटीवरच होते. मग दिसेनाशी झाली.

मामा बांधाच्या टोकाला जाऊन पोचले होते. हातात एक ढेकूळ तसंच होतं. घसा बसला होता. आम्ही जवळ गेलो तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "ती मला घाबरली का हो? खरं सांगा. की पाखरांनाच घाबरून गेली?"

बाईंनी टेकडीकडे पाहिलं. "तुम्हाला घाबरली, मामा."

"नक्की?"

"नक्की. मी तिचा डोळा पाहिला."

"मग झालं," मामा म्हणाले, आणि तिथेच मातीत खाली बसले.